चाळीतला कांदा आणि निवडीचे गणित

एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा निघू लागला की सटाणा परिसरातील शेतकऱ्याला ठरवावे लागते: माल लगेच विकायचा की साठवणीसाठी चाळीत भरायचा, आणि कोणत्या बाजारात न्यायचा? सटाणा, नामपूर, उमराणे, कळवण, लासलगाव हे पाच बाजार आणि पुढचे वीस आठवडे धरले तरी शंभर पर्याय होतात. प्रत्येकाचा भाव, भाडे, वजनातली घट आणि सड यांचा पूर्ण हिशेब मांडणे अशक्य असते, कारण पुढचा भाव कोणालाच ठाऊक नसतो.

हर्बर्ट सायमन यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही. तो मनाशी एक पुरेशी पातळी धरतो आणि ती गाठणारा पहिला पर्याय घेतो. खर्च निघून पीककर्ज फिटेल एवढा भाव, ही तशी पातळी.

एमॉस ट्वर्स्की यांच्या १९७२ च्या प्रतिमानात पर्याय एकेका निकषावर गळतात. भाडे कमी हवे म्हटले की लासलगाव पहिल्याच पायरीला बाद होते, मग तिथला भाव कितीही चांगला असो. कोणता निकष आधी पुढे येईल हे त्याच्या महत्त्वानुसार, पण संभाव्यतेने ठरते. त्यामुळे एकाच माणसाची निवड दोन वेळा वेगळी होऊ शकते. तेल्या रोगात डाळिंबाची बाग गमावलेल्याच्या पीकनिवडीत ते पीकही बहुधा असेच आधी गळते.

या दोन्हींखेरीज थोडा माल आता, थोडा दिवाळीच्या सुमारास विकायची रीत सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल. तिला भावाचा अंदाज लागत नाही. ती जोखीम वाटून टाकते. याउलट ‘श्रावणानंतर भाव चढतो’ हा आडाखा हंगामाच्या अनुभवावर उभा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले आणि डिसेंबरात निर्यातबंदी आली, तेव्हा भाव हंगामाबाहेरच्या कारणांनी हलला. अशा वेळी आडाखा चुकला म्हणून शेतकऱ्याला अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे.

केवळ विक्रीच्या नोंदींवरून सायमन आणि ट्वर्स्की यांच्यापैकी कोणाचे प्रतिमान खरे हे कळत नाही. एकाच दिवशी सटाण्यात माल आणणाऱ्या दोघांपैकी एकाची पातळी गाठलेली असते, तर दुसऱ्याने भाड्यापायी बाकीचे बाजार वगळलेले असतात. म्हणून अभ्यासकाला शेतकरी आधी काय विचारतो, कोणत्या बाजारांची चौकशी करतो आणि कुठे थांबतो, याची क्रमवार नोंद ठेवावी लागते.