नाताळच्या घरात जागा कुणाला?



आगमनकाळाची चौथी मेणबत्ती आज पेटली. नाताळ दाराशी आला आहे. घरे सारवून-रंगवून झाली, अंगणात तारा लागला, करंज्या आणि शंकरपाळ्यांची तयारी सुरू झाली. नाताळ हा कुटुंबाचा सण आहे, सगळ्यांनी एकत्र बसून जेवण्याचा सण आहे, असे आपण नेहमी म्हणतो. पण आपल्या कळमनुरी परिसरात कितीतरी घरांत या दिवसांत एकच प्रश्न असतो : यंदा घरी आहे कोण?

कारण आपल्याला ठाऊक आहे. दिवाळी झाली की मराठवाड्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांचा गाळप हंगाम ऐन भरात येतो तो डिसेंबरमध्येच. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. एक दिवस खाडा पडला तर पैसे कापले जातात. त्यांना २५ डिसेंबरची सुट्टी कोण देणार? कुणाचा मुलगा पुण्याच्या कंपनीत पाळी करतो, कुणी वीटभट्टीवर आहे. घरी उरतात आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडे. शाळेलाही आपल्याकडे सुट्टी एकाच दिवसाची. मोठी सुट्टी दिवाळीत होऊन जाते.

मग अशा घरांनी नाताळ करायचा तरी कसा? ज्यांचे सगळे कुटुंब जवळ आहे, त्यांनी शेजारच्या ओसाड ओसरीकडे पाहून काय करायचे?

शुभवर्तमानाकडे वळू या. पहिला नाताळ हा घरी झालेला नाही. शिरगणतीचा हुकूम निघाला म्हणून योसेफ आणि गरोदर मरिया नाझरेथ सोडून बेथलेहेमला गेले. अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, आणि प्रवास कित्येक दिवसांचा. आपल्या इच्छेने नव्हे, तर वरून आलेल्या हुकमाने घर सोडावे लागलेले ते कुटुंब होते. पुढे हेरोदाच्या भीतीने रातोरात मिसर देशात पळून जावे लागले. बेथलेहेम या नावाचा अर्थ होतो भाकरीचे घर. भाकरीसाठी घर सोडणाऱ्या माणसाला हे नाव परके वाटू नये.

ख्रिस्तसभेने हे कधी विसरू दिलेले नाही. पोप पायस बारावे यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी जे महत्त्वाचे पत्र काढले, त्यात त्यांनी मिसरात आश्रय घेणाऱ्या पवित्र कुटुंबाला घर सोडावे लागलेल्या प्रत्येक कुटुंबाचा आदर्श म्हटले. २०१७ च्या नाताळरात्रीच्या प्रवचनात पोप फ्रान्सिस यांनीही योसेफ आणि मरियेच्या पावलांमध्ये आज घर सोडून निघालेल्या लाखो माणसांची पावले दाखवून दिली. म्हणजे उसाच्या फडाशेजारी कोपीत झोपणारे आपले भाऊ-बहीण नाताळापासून दूर गेलेले नाहीत. उलट पहिल्या नाताळाच्या ते आपल्यापेक्षा जवळ आहेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेऊ. त्यांना जागा मिळाली नाही, असे संत लूक सांगतात. आपण लगेच एखादी धर्मशाळा आणि दार लावून घेणारा दुष्ट मालक डोळ्यांपुढे आणतो. परंतु लूक यांनी तेथे जो ग्रीक शब्द वापरला आहे, तोच शब्द पुढे प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही येतो. दयाळू शोमरोनी जखमी माणसाला ज्या धर्मशाळेत नेतो, तिच्यासाठी मात्र त्यांनी वेगळा शब्द वापरला आहे. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की ही पाहुण्यांची खोली असावी, कदाचित योसेफाच्या नातलगांच्याच घरातली. घर पाहुण्यांनी भरलेले होते, आणि म्हणून बाळ निजले ते गुरांच्या गव्हाणीत.

हे खरे धरले तर प्रश्न आपल्यावर येतो. येशूला जागा मिळाली नाही ती भरल्या घरात. आपलेही घर नाताळला भरते. मग त्या भरल्या घरात जागा कुणाला मिळत नाही? ज्याचे आई-बाप फडावर आहेत त्या शेजारच्या पोराला? बांधावरून भांडण झाले म्हणून चार वर्षे ज्याच्याशी बोलणे नाही त्या सख्ख्या भावाला? लेकीच्या घरी जायला संकोचणाऱ्या विधवा आईला? तारा आपण उंच लावतो, पण त्या ताऱ्याच्या उजेडात कोण दाराशी उभे आहे, हे पाहतो का?

गोठा पाहताना त्याची सुरुवातही आठवू. १२२३ साली संत फ्रान्सिस असिसीकर यांनी इटलीतील ग्रेचो या गावी गव्हाण, गवत, बैल आणि गाढव आणून नाताळची मिस्सा साजरी केली. आसपासचे साधे लोक मशाली घेऊन आले. बेथलेहेमची गरिबी सर्वांना डोळ्यांनी दिसावी, एवढीच त्यांची इच्छा होती. २०२३ मध्ये त्याला ८०० वर्षे पूर्ण झाली. तेव्हा गोठ्याला महागडी मूर्ती आणि विजेच्या माळा लागतातच असे नाही. कोपीच्या कोपऱ्यात पाचटाचा गोठा केला, तरी तो संत फ्रान्सिस यांच्या गोठ्याच्या जवळचाच ठरेल.

तर यंदा आपण एवढे करू या.

पहिले, आपल्या धर्मग्रामातील जी कुटुंबे ऊसतोडीला गेली आहेत, त्यांची नावे आणि ती कोणत्या कारखान्यावर आहेत, हे मिस्सा झाल्यावर धर्मगुरूंना कळवू. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या सर्व भागांत आपली चर्चेस आहेत. श्रीरामपूरजवळचे हरेगाव, जेथे मतमाउलीची मोठी यात्रा भरते, ते गाव तर एकेकाळी साखर कारखान्याचेच होते. तेथील धर्मगुरूंना एक निरोप गेला, तर आपल्या माणसांना नाताळची मिस्सा मिळू शकेल.

दुसरे, फोन जरूर करू, पण त्यांची वेळ पाहून. तोडकरी पहाटे काळोखात फडावर जातात आणि मोळ्या भरून रात्री थकून येतात. सकाळच्या मिस्सेनंतर आजीच्या हाती फोन देऊन लेकराचे दोन शब्द ऐकवले, तर दिवसभराचा कोयता हलका होईल.

तिसरे, ज्या घरी फक्त म्हातारी माणसे आणि मुले आहेत, त्यांना २४ च्या रात्री सोबत घेऊन चर्चला येऊ आणि २५ ला आपल्या पंगतीला बसवू. फराळाचे ताट नुसते पोचवू नका. ताटाला माणसाची सोबत लागते. दिवाळीला आणि ईदला शेजाऱ्यांच्या घरून आपल्याकडे ताट आले होते, तेही विसरू नका.

चौथे, कर्ज काढून सण करू नका, आणि सणाच्या नावाखाली दारू घरात येऊ देऊ नका. हंगामाची उचल फेडता फेडता ज्यांची कंबर मोडली, त्यांच्या डोक्यावर सणाने आणखी भार टाकू नये.

आणि ज्यांना वाटते की आपली माणसे आली नाहीत, म्हणजे नाताळ हुकला, त्यांनी धीर धरावा. सरकारी सुट्टी एका दिवसाची असली तरी ख्रिस्तसभेचा नाताळ एका दिवसात संपत नाही. त्यात पवित्र कुटुंबाचा सण आहे, १ जानेवारीला देवमातेचा सण आहे, पूर्वेकडील ज्ञानी लोकांच्या भेटीचा सण आहे, आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत हा काळ चालतो. ज्ञानी लोकही उशिराच पोचले, पण बाळ तेथे होते. मुलगा पाळी संपवून नव्या वर्षाला आला, तरी तो नाताळलाच आला. त्याच्या वाट्याच्या करंज्या डब्यात ठेवा आणि तोवर गोठा मोडू नका.

हे प्रभू येशू, तू स्वतः वाटेवर जन्मलास. जी कुटुंबे आज वाटेवर आहेत, त्यांच्या कोपीत तू ये. जी घरी आहेत, त्यांच्या भरल्या घरात तुझ्यासाठी आणि तुझ्या गरीब भावंडांसाठी जागा कर. आमेन.

आपणा सर्वांना, आणि दूर असलेल्या आपल्या प्रत्येक माणसाला, नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!