सक्तीची सेवा ही सेवा होय काय?

डॉक्टर, वकील किंवा समाजसेवक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना पदवी देण्यापूर्वी वृद्धांत, गरिबांत वा मागे पडलेल्या वस्तीत काही काळ काम करावयास लावावे की नाही, हा प्रश्न आज ठिकठिकाणच्या विद्यापीठांपुढे आहे. आपल्या समाजाला तो दोन्ही बाजूंनी लागू पडतो. आपली नातवंडे या विद्यापीठांत शिकत आहेत, आणि दिमोना, बेर-शेवा, लोद येथील आपली वडीलधारी मंडळी अशाच शिकाऊ हातांखालून जात आहेत.

सक्तीला विरोध करणारे म्हणतात, हा जुलमाचा रामराम झाला. ज्या कामाला गुण मिळतात, शिष्यवृत्ती मिळते, ती सेवा कसली? तो तर सौदा. सेवा मनापासून व्हावी, हाजिरीपटावर नव्हे.

हे म्हणणे वरवर पाहता पटण्याजोगे आहे. परंतु आपले तालमूदकार याच्या अगदी उलट सांगून गेले. रब्बी हनीना यांच्या मते, आज्ञा नसताना करणाऱ्यापेक्षा आज्ञा असल्यामुळे करणारा मोठा. आम्ही याचा अर्थ असा घेतो की, हौसेने आलेला मनुष्य हौस संपली की घरी बसतो. ज्याच्यावर कर्तव्याचा भार आहे, त्याला मन नसलेल्या दिवशीही उठून जावेच लागते. आणि आजाऱ्याला तर नेमका त्याच दिवशी कोणीतरी यावयास हवे असते. शिवाय ज्याचे शिक्षण सरकारी तिजोरीतून, म्हणजे चार लोकांच्या पैशाने होते, त्याने चार लोकांसाठी राबणे हे दान नव्हे, देणे आहे. 'त्सेदाका' हा शब्द न्यायाच्या धातूपासून आला आहे, दयेच्या नव्हे, हे वाचकांस ठाऊकच आहे.

तेव्हा सक्तीत दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. दोष असेल तर तो दुसरीकडे आहे, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. सेवा करणाऱ्याच्या मनाची चर्चा पुष्कळ होते. जिची सेवा करावयाची, त्या बाईचे काय?

समजा, एक म्हातारी एकटी राहते. तिला हिब्रू जेमतेम येते, मराठीत ती घडाघडा बोलते. पहिल्या आठवड्यात एक विद्यार्थी येऊन तिची माहिती लिहून घेतो. तिसऱ्या आठवड्यात दुसरा येतो, पुन्हा तेच प्रश्न विचारतो. सहामाही संपते, येणे बंद होते. विद्यार्थ्याला गुण मिळाले. म्हातारी मात्र दर मंगळवारी चहाचे आधण ठेवून दाराकडे पाहत बसते. तिच्या दुःखासाठी गुणपत्रिकेत रकाना नाही. अशा वेळी माणूस हा माणूस राहत नाही, धड्याचे पुस्तक होतो.

हे टाळता येते, याचे दाखले आहेत. 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले, तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाले. त्याची सुरुवात आपल्या ओळखीच्या नागपाड्यात, नेबरहुड हाऊसमध्ये झाली. म्हणजे शाळाच वस्तीत आली. वर्ध्याजवळ सेवाग्रामला सुशीला नय्यर यांनी 1969 साली वैद्यकीय महाविद्यालय काढले. तेथे प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी त्या गावात जाऊन राहतात, त्यांना कुटुंबे नेमून दिली जातात, आणि पुढेही त्याच घरांना ते भेटी देत राहतात. येथे नेगेवमध्ये 1974 साली मोशे प्रिवेस यांनी बेर-शेवाला वैद्यकीय शाळा उघडली, ती त्या प्रदेशाच्या आरोग्यसेवेशी जोडूनच. तेथील विद्यार्थी पहिल्या वर्षापासून रोग्यांत वावरू लागले.

या तिन्ही ठिकाणी सेवा अभ्यासाला ठिगळासारखी चिकटवलेली नाही. अभ्यासच तिच्यावर उभा आहे. याउलट भारतात कित्येक राज्यांत डॉक्टरांकडून ग्रामीण सेवेचे बंधपत्र लिहून घेतात, आणि रक्कम भरली की सुटका होते. देणे पैशात फिटले, पण खेड्यातला रोगी जेथल्या तेथेच राहिला. विकत चुकविता येणारे कर्तव्य कोणालाच काही शिकवीत नाही.

आमच्या मते कसोटी साधी आहे. विद्यार्थी निघून गेल्यावर त्या घरात काय उरले? त्याने आपले काम पुढच्याच्या हाती नीट सोपविले काय? आणि त्याला गुण देताना त्या म्हातारीला कोणी विचारले काय? शाळामास्तर म्हणून आयुष्य घालविल्यावर आम्ही इतके नक्की सांगू शकतो की, वर्गात कोण शिकले हे ठरविण्याचा अधिकार एकट्या शिक्षकाचा नसतो.

आपल्या समाजाकडेही काही काम येते. ज्या नातवंडांना मोडकीतोडकी का होईना मराठी येते, त्यांनी अशा कामासाठी आपल्याच वृद्धांची घरे मागून घ्यावीत; दुभाष्याविना बोलणारा विद्यार्थी त्यांना दुसरीकडून मिळणार नाही. आणि वडीलधाऱ्यांनी दारात आलेल्या मुलाला नुसता चहा व चिवडा देऊन वाटेला लावू नये. काय दुखते, काय हवे, काय आवडले नाही, हे स्पष्ट सांगावे. भिडेपोटी गप्प बसलात, तर ते पोर पदवी घेईल, पण शिकणार नाही.