विकार, निदान आणि ओफिलिया

नाटकातील अथवा कादंबरीतील पात्राला नेणीव असते काय, हा प्रश्न वरवर पाहता तात्त्विक कसरतीसारखा वाटतो. पात्र शब्दांचे बनलेले असते. संहितेबाहेर त्याला बालपण नसते, स्वप्ने नसतात, दडपून टाकलेल्या स्मृतीही नसतात. लेडी मॅक्बेथला मुले किती होती, हा उपरोधिक प्रश्न एल. सी. नाइट्सने १९३३ साली आपल्या निबंधाचे शीर्षक म्हणून योजला, तेव्हा त्याचा रोख ब्रॅडलीच्या पात्रकेंद्री समीक्षेवर होता. पण तो बाण मनोविश्लेषक समीक्षकालाही लागतो. तथापि हा विजय फार स्वस्तात मिळालेला आहे. पात्रामागे मन कल्पिल्याखेरीज संवादाचे एक वाक्यही आपल्याला वाचता येत नाही. ‘हे तो उपरोधाने म्हणतो’ असे म्हणताक्षणी आपण त्याला हेतू बहाल केलेला असतो. आणि एकदा हेतू बहाल केला की, त्याला स्वतःला न उमगलेला हेतू बहाल करण्यास तत्त्वतः हरकत घेता येत नाही. खुद्द फ्रॉइडला ही अडचण ठाऊक होती. इब्सेनच्या ‘रोस्मर्सहोल्म’मधील रेबेका वेस्टचे विश्लेषण (१९१६) केल्यावर, आपण तिला जिवंत व्यक्तीप्रमाणे वागविले, हे तो मोकळेपणाने मान्य करतो. त्याच लेखात लेडी मॅक्बेथच्या कोसळण्याचे कोडे आपल्याला सुटले नाही, अशी कबुलीही आहे. त्याच्या अनुयायांत ही नम्रता क्वचितच आढळते.

माझी शंका ज्ञानशास्त्रीय नाही, नैतिक आहे. पात्राचे निदान करताना त्या पात्राच्या भोवतालच्या इतरांचे, आणि आपले स्वतःचे, काय होते?

उदाहरण हॅम्लेटचेच घेतो, कारण ह्या पद्धतीचे सर्वांत भक्कम यशही तेथेच आहे. फ्रॉइडने आपल्या स्वप्नविषयक ग्रंथात (१९००) थोडक्यात सुचविलेले सूत्र अर्नेस्ट जोन्सने १९१० च्या निबंधात आणि पुढे १९४९ च्या पुस्तकात विस्ताराने मांडले. गटेला हॅम्लेट हा ओझे न पेलणारा कोमल जीव वाटला होता, कोलरिजला विचारांच्या अतिरेकाने पांगळा झालेला. जोन्सने संहितेतलीच साधी गोष्ट पुढे ठेवली : हा मनुष्य कृतीला मुळीच भीत नाही. पडद्याआडच्या पोलोनियसला तो क्षणात भोसकतो. रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्न ह्यांना थंडपणे मृत्यूकडे धाडतो. हात अडखळतो तो एकट्या क्लॉडियसपाशी. बापाला दूर सारून आईला मिळविण्याची जी इच्छा हॅम्लेटने बालपणीच दडपली, ती क्लॉडियसने प्रत्यक्षात आणली. म्हणून त्याला शासन करणे म्हणजे स्वतःला शासन करणे. हे स्पष्टीकरण संहितेतील खऱ्याखुऱ्या विसंगतीला भिडते. हॅम्लेटच्या ‘दुर्बलते’वरील प्रवचनांतून त्याने आपली सुटका केली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण ओफिलियाचे काय? मठात चालती हो, असे तिला सुनावले जाते. भर दरबारात, नाटक चालू असता, अश्लील थट्टा तिला सोसावी लागते. ह्या साऱ्याचा उगम जोन्स आईवरील रोषात शोधतो. उगम तेथे असेलही. परंतु उगम सापडला की अपमानाचे लक्षण होते. लक्षणाला कर्ता नसतो. आणि कर्ता नाहीसा झाला की जिच्यावर अन्याय झाला तीही नाहीशी होते. ती रोगवृत्तांतातील एक नोंद होऊन राहते. पदव्युत्तर वर्गात मी हे वारंवार पाहिले आहे. ‘ईडिपस गंड’ हा शब्द उच्चारला गेला की चर्चेला एक प्रकारची तृप्ती येते, वह्या मिटतात, ओफिलियाविषयी कोणी विचारीत नाही. (विद्यार्थिदशेत मीही विचारले नव्हते.)

चिकित्सालयात निदानाला एक मर्यादा पडते, ती रुग्णाच्या जिवंतपणाची. अठरा वर्षांच्या डोराला तिच्या वडिलांनी फ्रॉइडकडे आणले, ते एका कौटुंबिक स्नेह्यावर तिने केलेला आरोप निव्वळ कल्पना ठरावा ह्या अपेक्षेने. फ्रॉइडने तिचे सांगणे खरे मानले, हे त्याच्या बाजूने नोंदविले पाहिजे. पण त्या गृहस्थावर तिचे प्रेमच होते, हा अर्थ त्याने लावून धरला आणि तिच्या नकारात होकार वाचला. ३१ डिसेंबर १९०० रोजी, सुमारे अकरा आठवड्यांनंतर, तिने उपचार थांबविले. १९०५ मध्ये वृत्तांत प्रसिद्ध करताना फ्रॉइडला लिहावे लागले की, भावसंक्रमण, म्हणजे रुग्णाच्या जुन्या भावनांचे चिकित्सकावर होणारे आरोपण, आपल्याला वेळीच आवरता आले नाही. सिद्धांतात एवढी मोलाची भर पडली ती रुग्ण उठून गेल्यामुळे! ओफिलियाला उठून जाता येत नाही. तिच्या वतीने ते काम संहितेलाच करावे लागते, आणि संहिता ते करते. शुद्धीत असताना बापाच्या आज्ञेपलीकडे फारसे न बोलणारी ही मुलगी वेडात गाऊ लागते. मेलेला बाप आणि वचन देऊन फसविणारा प्रियकर तिच्या गाण्यांत एकमेकांत मिसळतात. वेडाचे सोंग करणाऱ्याने तिच्याशी जे केले, त्याची साक्ष खरोखर वेडी झालेली देते. दडपलेले कोणा एकाच्या डोक्यात नसून साऱ्या नाटकभर विखुरलेले असते, ही वाट फ्रॉइडलाही दिसली होती : मॅक्बेथ आणि त्याची पत्नी ही एकाच मनाची दोन शकले असावीत, ही येकेल्सची सूचना त्याने उचलून धरली होती. ती वाट सोडून समीक्षक नायकाच्या बालपणाकडे वळले, ह्याचे मला नवल वाटते. की हे समीक्षकाचेच भावसंक्रमण म्हणावे? हॅम्लेट निर्दोष ठरावा असे आपल्यालाच तर वाटत नसते?

आगरकरांनी १८८३ साली ह्या नाटकाचे भाषांतर प्रसिद्ध केले ते ‘विकारविलसित’ ह्या नावाने. शीर्षकातील ‘विकार’ हा शब्द आज वाचताना आपण चटकन मनोविकारतज्ज्ञाच्या दारात पोचतो. आगरकरांच्या मराठीत मात्र राग, मत्सर, शोक हे सारे विकारच होते, आणि ते सर्वांचे होते. विकारवश झालेला मनुष्य भानावर आल्यावर ‘हे माझ्या हातून घडले’ असे म्हणू शकत असे. निदानाच्या भाषेतून हळूहळू नाहीसे झाले आहे ते हे वाक्य.

आणि हॅम्लेटला तर निदानाची ही सोय आधीच माहीत आहे. तिसऱ्या अंकात आईपाशी तो ठासून सांगतो की आपण वेडे नाही, हे केवळ सोंग आहे. शेवटच्या अंकात, द्वंद्वापूर्वी लेअर्टीझची क्षमा मागताना तोच म्हणतो की अपराध हॅम्लेटने केलाच नाही. तो त्याच्या वेडाने केला, आणि हॅम्लेट स्वतःच त्या वेडाचा बळी आहे. बहीण आणि बाप दोघेही गमावलेल्या माणसासमोर हे बोलताना ओफिलियाचे नाव तो घेत नाही, पोलोनियसचेही नाही. लेअर्टीझ उत्तर देतो की भावनेपुरते आपले समाधान झाले, पण प्रतिष्ठेचा प्रश्न अजून मिटलेला नाही. त्याच्या हाती पडणारी तलवार त्या वेळी विषाने माखलेली आहे.