मार्था आणि रात्रीची भांडी

रात्रीचे अकरा वाजले होते. ओट्यावर भांड्यांचा ढीग होता आणि लेक नुकतीच झोपली होती. मी नवऱ्याला म्हटलं, "आजची भांडी तू घासशील?" मोबाइलमधून डोकं वर न काढता तो म्हणाला, "पण तुला आवडतं ना हे सगळं?"

तो टोमणा नव्हता. दीड वर्षापूर्वी लेकीसाठी मी सॉफ्टवेअरमधली नोकरी सोडली. ऑफिसमधल्या मैत्रिणी हळहळल्या, चर्चमधल्या काकू खूश झाल्या. दोघींनाही मी एकच सांगत होते: मला यात आनंद आहे. ते खरंच होतं. गरम खिचडीवर तूप पडतं, लेक ताटलीवर चमचा आपटत असते, तेव्हा मला दुसरीकडे कुठेच असावंसं वाटत नाही.

पण एखादं काम आनंदानं केलं, की त्याची वाटणी मागायचा हक्क जातो का? मला कोड लिहायलाही आवडायचं. म्हणून कुणी माझा पगार थांबवला नव्हता.

आमच्याकडे आदर्श गृहिणी म्हटलं की नीतिसूत्रांच्या 31व्या अध्यायातली सद्गुणी स्त्री पुढे येते. पहाटे उठणारी, रात्री दिवा विझू न देणारी. ती शेत पारखून विकत घेते, व्यापाऱ्यांना माल विकते आणि तिच्या हाताखाली दासी आहेत, हे मात्र मी उपदेशात फारसं ऐकलेलं नाही.

मला जवळची वाटते ती मार्था. लूकच्या 10व्या अध्यायात येशू तिच्या घरी येतो. बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसते आणि मार्था एकटी राबते. शेवटी ती येशूकडेच तक्रार करते. तो तिची तगमग ओळखतो, पण मरीयेला उठवत नाही. लहानपणी मी यातून एवढंच शिकले, की मार्था चुकली. आता दुसरंच दिसतं. घर सांभाळणं हेच बाईचं एकमेव काम असतं, तर येशूनं मरीयेला स्वयंपाकघरात पाठवलं असतं.

योहानाच्या शुभवर्तमानात मार्था पुन्हा भेटते. भाऊ लाजर वारल्यावर मरीया घरात बसून राहते आणि मार्था उठून येशूला गाठायला जाते. तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, असं त्याच्या तोंडावर बोलते आणि तरीही तोच ख्रिस्त आहे असा विश्वास कबूल करते. पुढच्याच अध्यायात बेथानीत मेजवानी आहे आणि मार्था पुन्हा वाढते आहे. या वेळी तक्रारीचा शब्द नाही. तिच्या मनात काय होतं, हे योहान सांगत नाही. मला इतकंच दिसतं, की ही वाढणारी बाई मनातलं बोलून, ऐकून घेतली जाऊन परत आली आहे.

त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "आवडतं. पण एकटीनं करायला नाही आवडत." त्यानं मोबाइल ठेवला. तेव्हापासून रात्रीची भांडी त्याची. कढईचं बूड अजून नीट निघत नाही. पुढच्या वर्षी मी कदाचित नोकरीवर परतेन, कदाचित नाही.

हल्ली तो भांडी घासत असतो तेव्हा मी लेकीला मांडीवर घेऊन तिथेच बसते. काहीच करत नाही. मरीयेसारखी.