नशीब आणि नियत

“सर, तिजारतीतही नशीब लागतं, मग जुगारच हराम का?” नववीतल्या एका मुलाने विचारले. त्याचा मामा पणजीला, मांडवी नदीतल्या कॅसिनोत पत्ते वाटतो.

मी आधी ‘बकारा’ हा डाव समजून घेतला. पैसे ‘प्लेअर’, ‘बँकर’ किंवा बरोबरीवर लावायचे. एक्का म्हणजे एक. दश्शी आणि चित्रे शून्य. बेरजेचा शेवटचा अंक ज्याचा मोठा, तो जिंकला. नऊ सर्वांत मोठा. तिसरे पान कधी घ्यायचे, तेही नियमच ठरवतो. एकदा पैसे लावले की माणसाच्या हाती काही उरत नाही. आठ जोडांच्या डावात शंभर रुपयांमागे सरासरी तोटा बँकरवर, पाच टक्के कमिशन धरून, १.०६ रुपये, प्लेअरवर १.२४; बरोबरीवर चौदाहून अधिक.

यात लबाडी नाही. मग गुनाह कुठे? सूरह बकराची २१९ वी आयत जुगारातला फायदा नाकारत नाही. गुनाह त्याहून मोठा आहे, असे बजावते. व्यापारीही धोका पत्करतो, पण गिऱ्हाईक माल घेऊन घरी जाते. इथे जिंकणाऱ्याची रक्कम हरणाऱ्यांच्याच खिशातून येते. बदल्यात त्यांना काहीच मिळत नाही. नशीब दोन्हीकडे आहे, फरक नियतीचा नाही, नियतचा आहे.

मुलाला हे पटले. मग त्याने हळूच विचारले, “आणि मामाचा पगार?”

मामा स्वतः खेळत नाही, रात्रभर उभा राहून राबतो. तरी तो पगार कोणाच्या खिशातून येतो, हे पत्ते वाटणाऱ्यानेही स्वतःला विचारावे, असे मला वाटते. पण त्या मुलाची फी मामाच भरतो. त्याच्यासमोर हे बोलायला माझी जीभ रेटली नाही.