चालतं कोण?

हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या शंकरमठात आजी रोज संध्याकाळी प्रदक्षिणा घालते. मी जवळच, उस्मानिया विद्यापीठात, शारीरिक शिक्षण शिकते. त्यामुळे माझं लक्ष देवापेक्षा तिच्या टाचांकडे. चालण्याच्या एका चक्रात साधारण 60 टक्के वेळ प्रत्येक पाय जमिनीवर असतो. म्हातारपणी चाल मंदावते, तसा हा वाटा वाढतो. हे सांगितलं की आजी म्हणते, “मी कुठं चालते गं, तो चालवतो.”

आजीचं हे वाक्य ऐकून मला एक प्रयोग आठवतो. 1983 साली मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांनी दाखवलं, की हात हलवावासा वाटल्याची जाणीव होण्याच्या सुमारे 350 मिलिसेकंद आधीच मेंदूत तयारी सुरू झालेली असते. मग काय, आमच्यातले अद्वैत मानणारे काहीजण लगेच गीतेचा तिसरा अध्याय काढतात: बघा, कर्ता मी नव्हेच! मला ही सोयरीक घाईची वाटते. अद्वैत कर्तेपण नाकारतं ते साक्षी, म्हणजे नुसती पाहणारी जाणीव, दाखवण्यासाठी, आणि साक्षीला इलेक्ट्रोड लावता येत नाहीत. खुद्द लिबेटही मानत, की सुरू झालेली हालचाल आयत्या वेळी रोखणं जाणिवेच्या हाती उरतं. शिवाय उगाच मनगट हलवणं वेगळं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी रोज मठ गाठणं वेगळं. पहिल्यावरून दुसऱ्याचा निकाल लावता येत नाही.