तिऱ्हाइताचा निवाडा

इटलीतील फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे ‘सेरी बी’चा, पेस्कारा विरुद्ध लिव्होर्नो हा सामना १४ एप्रिल २०१२ रोजी आद्रियातिक समुद्राकाठच्या पेस्कारा शहरात चालू असता, एकतिसाव्या मिनिटाला लिव्होर्नोच्या मधल्या फळीत खेळणारा पिएरमारिओ मोरोसिनी हा पंचवीस वर्षांचा खेळाडू, कोणाचाही धक्का लागलेला नसताना, मैदानावर कोसळला, त्याने उठण्याचा प्रयत्न केला, पुन्हा पडला, पुन्हा उठू पाहिले, आणि मग उठला नाही. इस्पितळात नेल्यावर तो मृत झाल्याचे जाहीर करण्यात आले, आणि त्या शनिवार-रविवारचे देशातील सारे सामने स्थगित करण्याचा हुकूम सुटला.

मोरोसिनी हा काही कीर्तिमान खेळाडू नव्हे. ५ जुलै १९८६ रोजी बेर्गामो येथे जन्मलेला आणि तिथल्याच अतालांता संघाच्या युवाशाखेत तयार झालेला हा मुलगा २००५ साली उदिनेसेकडे गेला, पहिल्या श्रेणीतले मोजके सामने खेळला, आणि पुढची वर्षे बोलोन्या, व्हिचेंझा, रेज्जिना, पादोव्हा, पुन्हा व्हिचेंझा अशी बहुतांशी दुसऱ्या श्रेणीत हिंडत राहिला. २०१२ च्या जानेवारीत तो लिव्होर्नोला आला तोही उसना. एकवीस वर्षांखालील राष्ट्रीय संघातून २००९ सालच्या युरोपीय स्पर्धेसाठी तो स्वीडनला गेला होता, पण थोरल्या राष्ट्रीय संघाचे दार त्याला उघडले नाही. त्या काळी इटलीत अशी एक वहिवाट होती की एकाच खेळाडूची मालकी दोन संघांत निम्मी-निम्मी असावी, आणि मुदतीअंती उभयतांचे न जमल्यास त्यांनी बंद लिफाफ्यांत बोली लिहून द्याव्यात. २०१४ साली ती मोडीत निघाली, हे बरेच झाले. मनुष्याच्या श्रमाची आणेवारी इतक्या काटेकोरपणे मांडणाऱ्या त्या दफ्तरात त्याच्या दुःखाला मात्र रकाना नव्हता. मोरोसिनीची आई तो किशोरवयात असताना गेली, दोनेक वर्षांत वडील गेले, पुढे भाऊही गेला, आणि अपंगत्वामुळे परावलंबी असलेली थोरली बहीण तेवढी त्याच्यामागे उरली. तिचा एकमेव आधार असलेला हा भाऊ त्या दुपारी मैदानावर पडला.

अशी हकीकत कानी आली की ‘याच्याच वाट्याला का?’ हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो, आणि कोणत्याही धर्माने तो अनुत्तरित ठेवण्याचे धाडस क्वचितच केले आहे. आपल्याकडील उत्तर तर इतके सुव्यवस्थित आहे की त्याच्यापुढे इतरांची उत्तरे कच्च्या खर्ड्यासारखी भासावीत. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा असा दुहेरी आरोप ठेवण्यात आला आहे, आणि त्याचे निरसन करताना शंकराचार्यांनी पावसाचा दाखला दिला आहे: पाऊस सर्व बीजांना सारखाच, धान्याधान्यांत जो फरक पडतो तो ज्या त्या बीजाचा. सृष्टी अनादि मानली म्हणजे पहिले विषम कर्म कोठून आले ही शंकाही उरत नाही, आणि फिर्याद दप्तरी दाखल होऊन निकाली निघते. तर्काच्या दृष्टीने या उपपत्तीत मला छिद्र सापडत नाही. परंतु जिच्यात छिद्रच सापडू नये अशा उपपत्तीविषयी मनात थोडा संशय बाळगावा, असेही मला वाटत आले आहे.

ख्रिस्ती जगाची अडचण निराळी. त्याच वर्षी मार्च महिन्याच्या १७ तारखेला लंडनमध्ये बोल्टन संघाचा फाब्रीस मुआम्बा, तोही मधल्याच फळीतला आणि अवघा तेवीस वर्षांचा, सामना चालू असताना असाच कोसळला होता. प्रेक्षकांत बसलेला एक हृदयरोगतज्ज्ञ मैदानात धावला. विजेचे झटके देण्यात आले. आणि अठ्ठ्याहत्तर मिनिटे बंद पडलेले त्याचे हृदय पुन्हा चालू झाले. त्याच्यासाठी देशोदेशी प्रार्थना झाल्या, खेळाडूंनी प्रार्थनेची विनंती छातीवर मिरवली, आणि तो वाचला तेव्हा त्या फळल्या असे पुष्कळांनी म्हटले. कृतज्ञ माणसाशी वाद घालू नये, हे खरे. तथापि लंडनला जी कृपा पोचली ती चार आठवड्यांनी पेस्काराला का पोचली नाही, याचा जाब त्या भाविकाला कधीतरी द्यावाच लागतो, आणि त्या वेळी तो ‘ईश्वरी योजना अगम्य आहे’ या आडोशाला जातो. कृपा कळते आणि अवकृपा मात्र अगम्य ठरते, ही सोय मला कर्मवाद्याच्या कठोर हिशेबापेक्षाही कमी प्रामाणिक वाटते. बायबलातील ईयोबाच्या कथेने तरी ही सोय करून घेतलेली नाही. त्याचे मित्र आले ते आरंभी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निमूट बसून राहिले. पुढे त्यांनी तोंड उघडून त्याच्या पापाचा शोध सुरू केला, आणि ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वराचा रोष ओढवला तो त्यांच्यावर, गाऱ्हाणे घालणाऱ्या ईयोबावर नव्हे.

या प्रश्नाचा मला सर्वांत सूक्ष्म वाटणारा विचार मात्र महाभारताच्या अनुशासनपर्वाच्या आरंभी आहे. युद्धातील संहाराचे ओझे स्वतःच्या शिरावर घेऊन झुरणाऱ्या युधिष्ठिराला शरपंजरी पडलेले भीष्म गौतमी नावाच्या वृद्ध स्त्रीची कथा सांगतात. तिचा मुलगा सर्पदंशाने मरतो. अर्जुनक नावाचा पारधी तो सर्प बांधून आणतो आणि याला जाळू की याचे तुकडे करू, असे तिला विचारतो. गौतमी म्हणते, सोडून दे; याला मारून माझा मुलगा परत येणार नाही. पारधी ऐकत नाही. तेव्हा सर्प आपली कैफियत मांडतो की मी केवळ मृत्यूच्या आज्ञेचा ताबेदार. मृत्यू तेथे उपस्थित होऊन म्हणतो की मी काळाच्या अधीन. आणि शेवटी काळ येऊन निर्वाळा देतो की आम्हां तिघांपैकी कोणीही अपराधी नाही, त्या मुलाचे स्वतःचे कर्मच त्याला भोवले. यावर गौतमी त्या निर्वाळ्याचा स्वीकार करते. माझ्याही हातून पूर्वी तसेच काही घडले असले पाहिजे, असे वर जोडते, आणि सर्पाला मुक्त करविते.

कथेतील काळ आणि गौतमी एकच सिद्धान्त उच्चारतात, परंतु ते एकच गोष्ट करीत नाहीत. काळाच्या मुखी तो आरोपीचा बचाव आहे. त्याने काळ स्वतः सुटतो आणि दोष मृत बालकाकडे जातो. गौतमीच्या मुखी तोच सिद्धान्त दुसऱ्याला सोडवितो आणि दोष, असलाच तर, तिच्या स्वतःच्या अंगावर घेतो. शिवाय सर्पाला सोडण्याचा तिचा निश्चय काळ येण्यापूर्वीचाच आहे. तिची क्षमा त्या उपपत्तीवर उभी नाही. माझ्या समजुतीप्रमाणे कर्मविपाकाचा विचार हा ज्याचा त्याने आपल्यापुरता करावयाचा विचार आहे. ज्याच्यावर आपत्ती आली त्याने तो स्वेच्छेने पत्करला, तर वैरभाव शमतो आणि धैर्य येते. तिऱ्हाइताने तोच दुसऱ्याच्या दुःखावर लागू केला की तो निवाडा होतो, आणि असा निवाडा की ज्याचा पुरावा गतजन्मीच्या, म्हणजे कोणीही न पाहिलेल्या, वहीत असल्याचे सांगण्यात येते. कोणी म्हणेल की सत्य हे वक्त्यावर अवलंबून नसते, दोन आणि दोन कोणीही मिळवले तरी चारच. खरे आहे, पण गणिताचा पडताळा कोणालाही घेता येतो, या वहीचा येत नाही. आपल्या देशात अस्पृश्यांना त्यांचा जन्म पूर्वकर्माचे फळ म्हणून शतकानुशतके समजावून देण्यात आला, आणि समजावून देणारे कोण होते हे सांगण्याची आवश्यकता नाही.

शिवाय तिऱ्हाइताचा निवाडा नजर दूर पूर्वजन्मात नेतो आणि समोरची मोटार दिसू देत नाही. मी हे अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. पेस्काराच्या त्या मैदानात रुग्णवाहिका आत येण्याच्या वाटेवर नगरपालिकेच्या पोलिसांची एक मोटार उभी करून ठेवलेली होती. तिची काच फोडून ती बाजूला सारावी लागली आणि त्यात मोलाचा वेळ गेला. शवचिकित्सेत हृदयाच्या स्नायूंचा एक आनुवंशिक विकार निष्पन्न झाला. हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र जवळ असूनही वापरले गेले नाही म्हणून डॉक्टरांवर खटला झाला, आणि तो पुढे कित्येक वर्षे खालच्या-वरच्या न्यायालयांतून फिरत राहिला. विकार आनुवंशिक, तेव्हा त्याचे उत्तरदायित्व कोणावर टाकावे, हा प्रश्न हवा तर काळाकडे सोपवावा. मोटारीविषयीचा प्रश्न त्याच्याकडे नेण्याचे कारण नाही. अर्थात मोटार तेथे नसती तर तो वाचला असताच, असे मी म्हणत नाही.

बहिणीच्या बाबतीत जे घडले ते मला या सगळ्या मीमांसेहून अधिक विचार करायला लावते. उदिनेसे संघाने, आणि त्याचा कर्णधार अंतोनियो दि नाताले याने, तिच्या भरणपोषणाचा भार उचलण्याचे जाहीर केले. लिव्होर्नोने मोरोसिनीचा पंचवीस हा क्रमांक कायमचा राखून ठेवला, ही गोष्ट स्मारकाची. पण बहिणीचा भार उचलणारा माणूस तिच्या दुःखाचा अर्थ सांगत नाही आणि तो विचारीतही नाही. ईयोबाच्या मित्रांना सात दिवसांनंतर जे साधले नाही ते हेच असावे. यावर असा आक्षेप येईल की ही झाली नीती, प्रश्नाचे उत्तर नव्हे. आक्षेप मला मान्य आहे. दुःखाचे कारण आणि दुःखिताविषयीचे कर्तव्य हे दोन निराळे दावे असून, पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा तहकूब ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि पहिल्याचा निकाल तर अनुशासनपर्वातही गौतमीपुरताच लागलेला आहे.

त्या वर्षीच मार्चच्या अखेरीस व्हिगोर बोव्होलेंता हा व्हॉलीबॉलपटूही खेळताना मरण पावला होता. या दोन मृत्यूंनंतर इटलीच्या सरकारने हौशी क्रीडासंस्थांनीही हृदयाला झटका देणारे यंत्र बाळगावे आणि ते चालविण्याचे शिक्षण घेतलेला माणूस जवळ ठेवावा असा नियम केला. त्याचा आदेश २४ एप्रिल २०१३ रोजी निघाला. संस्थांना तयारीसाठी मुदत देण्यात आली, ती संपत आली तेव्हा वाढविण्यात आली, पुन्हा वाढविण्यात आली, आणि नियमाचा प्रत्यक्ष अंमल सुरू झाला तो २०१७ च्या जुलैपासून.